देवपूरचे मांडे आणि लांबट चेंडू

जळगावहून एस.टी. सुटली तेव्हा भाऊंच्या मांडीवर डबा होता आणि सोनलच्या मांडीवर लांबट चेंडू. धुळ्यात राज्य महिला लीगची फायनल होती, तीही ऑस्ट्रेलियन फुटबॉलची. हा खेळ आमच्या घरात कसा शिरला ते ऑस्ट्रेलियालाही सांगता यायचं नाही. माझी भाची सोनल जळगावची कप्तान. भाऊंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, बजावलं होतं: जिंकलीस तर खेळ, हरलीस तर चेंडू माळ्यावर. पोरगी एरंडोलपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मी बोलत होते, पण माझं कोण ऐकतंय.

एरंडोल मागे पडल्यावर तिने मला नियम समजावले. चेंडू लाथेने उडवायचा, नाहीतर मुठीने ठोसून पुढे द्यायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या उंच खांबांमधून गेला की सहा गुण. पुढचं मी ऐकलं नाही, कारण पारोळ्याला गरम भजी आली.

पांझरेचा पूल ओलांडून देवपूरला पोचलो. मैदान कॉलेजचं, आणि खांब म्हणून मांडववाल्याचे बांबू. एकाला लग्नातल्या झिरमिळ्या अजून लोंबत होत्या.

मैदानासमोरच धुळ्याच्या कप्तानाचं घर. तिच्या आईने, अक्कांनी, आमचा अख्खा संघ जेवायला बसवला. भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि वर मांडे (खापरावर भाजलेल्या, परातीएवढ्या पुरणपोळ्या). मॅच आहे, नको, म्हणून सोनलने ताटावर हात आडवा धरला. भाऊंनी तो हात बाजूला केला आणि म्हणाले, "वाढा, वाढा." पाहुण्यांना एकटं जेवू देणं बरं दिसत नाही, म्हणून धुळ्याच्या पोरीही पंगतीला बसल्या. त्यांनाही तेवढंच वाढलं गेलं.

अशी सुस्त फायनल मी पाहिलेली नाही. पोरी चार पावलं धावायच्या आणि कमरेवर हात ठेवायच्या. पंचही अक्कांकडेच जेवले होते. शेवटी गुण बरोबरीत, वेळ संपत आलेली, आणि चेंडू सोनलच्या हातात. ती पोट सावरत धावली आणि लाथ मारली. चेंडू उंच बांबूच्या बाहेरून गेला.

"गेलं," म्हणत भाऊंनी डब्याचं झाकण लावलं. माझा जीव तुटला. पण पंचांनी एक बोट वर केलं. उंच आणि बुटक्या बांबूंमधल्या फटीतून गेला, तर एक गुण. तेवढ्यावर जळगाव जिंकलं.

भाऊ मैदानात गेले आणि चुकलं ते चुकलं, ही कसली जीत, म्हणून पंचांशी वाद घालू लागले. अक्कांची स्वतःची लेक हरली होती, तरी त्या मध्ये पडल्या.

"पोरना (पोरीचा) हात तुमीच बाजूले कया (केला) ना, भाऊ? मंग चूक तिनी (तिची) कशी?"

भाऊ आले तसे मैदानाबाहेर निघाले. हे दृश्य बघायला मी धुळ्यापर्यंत चालतसुद्धा गेले असते.

परतीच्या गाडीत सोनल वडिलांच्या खांद्यावर झोपली आणि चेंडू भाऊंच्या मांडीवर आला. आमच्या घरात थोडक्यात चुकलेल्याला आजवर कुणी काही दिलेलं नाही. मला तर नाहीच, आणि त्याचा राग मला अजून आहे. कंडक्टरने विचारलं, हे कसलं फळ आहे? भाऊंनी त्याला चारही बांबू हातवारे करून समजावले.

"चुकना तरी एक गुण भेटस (मिळतो)," ते हळूच म्हणाले, लेक जागी होऊ नये म्हणून. "पन तठलोंग (तिथवर) धावत जानं पडस."