कंसातले कारण

उशिरा आलेल्या पोराला कारणबाई दारातच थांबवत. “उशीर झाला, हा पक्ष. कारण?” भूमितीच्या सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लिहायचे असते; बाईंनी तो कंस साऱ्या जगाला लावला होता. लिंबायतच्या यंत्रमागवस्तीतल्या आमच्या मराठी शाळेतला शिपाई एकदा म्हणाला, बाई, चहा गार झाला. बाईंनी कारण विचारले. “तुमचा तास लांबला,” तो म्हणाला. बाईंनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

बाई धुळ्याच्या. नवरा साड्यांच्या लूमवर, बाईंची नोकरी कच्ची. त्यांना कायम करायचे की नाही, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार होते. मी गणिताचा ज्येष्ठ शिक्षक. म्हणून एक दिवस त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो.

समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय चालू होते. दोन बाजू समान असतील तर त्यांच्यासमोरचे कोनही समान. आम्ही सगळे शिरोकोनाचा दुभाजक काढून, एकाचे दोन त्रिकोण करून ते सिद्ध करत आलो. बाईंनी फळ्यावर ‘रचना’पुढे ‘नाही’ लिहिले आणि कागदाचा त्रिकोण हातात पालथा केला.

“साडीची उलटी बाजू बघता ना घरी? तशी याची बघा. डावी बाजू उजवीच्या जागी बसली, वरचा कोन तोच राहिला. त्रिकोण स्वतःच्याच उलट्या रूपाशी एकरूप. म्हणून खालचे कोन समान.”

लूमवाल्यांची पोरे ती. त्यांना लगेच पटले. मी उठून म्हणालो, “बाई, एकरूपतेला दोन त्रिकोण लागतात.”

“एकच दोनदा वाचला, सर.”

वर्ग हसला. मला वाटले, मलाच हसला.

शेऱ्यात मी लिहिले, ‘चुकीची सिद्धता शिकवतात.’ जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाई नव्हत्या.

दोनेक वर्षांनी एका जुन्या पुस्तकात तीच सिद्धता सापडली. बिनचूक. मी पुस्तक मिटले आणि निवृत्तीपर्यंत दुभाजकच काढत राहिलो.

गेल्या वर्षी पर्वत पाटियाच्या नाक्यावर बाई रिक्षाची वाट पाहत उभ्या दिसल्या. हातात साड्यांचे गाठोडे. घरी बसून खडे चिकटवायचे काम त्या इतकी वर्षे करत होत्या. मी सांगून टाकले की त्यांची सिद्धता बरोबर होती.

“ते मला ठाऊक होतं, सर. तुम्ही चूक लिहिलंत. कारण?”

रिक्षा आली. त्या थोडा वेळ थांबल्या, मग बसल्या. मी गाठोडे आत सरकवून दिले.

दिवाळीनंतर कळले, बाई गेल्या. म्हणून इथे लिहितो.

बाईंची सिद्धता बरोबर होती, माझा शेरा चूक होता. (कारण : मला ती समजली नव्हती, आणि पोरांसमोर विचारायची लाज वाटली.)