चुडा भरणारीचे हात

महाराष्ट्र राज्य झाल्यावरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या उंद्रीच्या एका लग्नघरी बांगड्या भरण्याचं काम अर्ध्यात थांबलं. मी तिथे पाहुणा होतो.

भरणारी मुसलमान बाई चिखलीहून यायची. तिचं नाव मी ऐकलं नाही. सगळे चाची म्हणत. बांगडी चढवताना ती हाताकडे न पाहता चेहऱ्याकडे पाही. गावोगाव तिने एकेक बाई या धंद्याला लावली होती. त्या दिवशी उंद्रीसाठी निवडलेली बाई सोबत होती, गावातलीच तरुण विधवा. काम जमलं तर तिचं दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणं सुटणार होतं. तिने नवरीचा हात धरताच आईने तो मागे ओढला.

"चाची, लग्नाचा चुडा हाय. हिच्या हातानं काऊन?"

विधवा टोपली आवरू लागली.

"माहा मरद तं तुह्या लग्नाच्या आंधीच गेला," चाची म्हणाली. "तुहा चुडा कोनं भरला व्हता?"

"तुमीच."

"मंग? तुहा मालक तं मांडवात जेवून राह्यला."

बायका हसल्या. आईने आधी स्वतःचा हात पुढे केला. विधवेने तिला बांगड्या भरल्या, मग नवरीला.

चाची त्यानंतर उंद्रीला आली नाही. तिथे बांगड्या ती विधवाच भरू लागली.