चाकात गेलेला पदर
नातू मोटरसायकलच्या साखळीला वंगण लावायला बसला, की त्या वासानं मला सासऱ्यांची शर्यतीची घोडागाडी आठवते. सास्तूरला नवी नवरी होऊन आलेली मी स्वतःला लई हुशार समजायची. एकदा सासरे गाडी जुंपून पाणी प्यायला घरात गेले, तेवढ्यात मी टुणकन वर चढले. पळायला हलकी राहावी म्हणून त्या गाडीला ना कठडा होता, ना चाकांवर पत्रा. बसायला नुसती एक फळी. "चल राजा," म्हणताच घोडा दोन-चार पावलं चाललासुद्धा, पण माझा पदर चाकाच्या आऱ्यांत शिरून असा गुंडाळला की मी फळीवर वाकडी होऊन अडकले. उतरावं तर लुगडं फिटतंय, बसावं तर सासऱ्यांपुढं डोकं उघडं, आणि त्यांच्या वहाणा तर उंबऱ्यात वाजल्या. त्यांनी बघितलं, मान खाली घातली, घोड्याच्या तोंडाशी गेले आणि त्याला एकेक पाऊल मागं रेटू लागले. चाक उलटं फिरलं तसा वंगणानं काळा झालेला पदर सुटत आला. "गाडी कशी हाय, सूनबाई?" त्यांनी घोड्याकडंच बघत विचारलं. "हलकी हाय, मामंजी," मी रडवेली होऊन म्हणाले, "पण पाय टेकायला जागा न्हाय." "ते बघू. सासूला दिसायच्या आत पदर धुवा." आज ती शहाणी नवरी मला भेटली, तर म्हणेन, पदर खोच बाई, आणि सरक तिकडं, लगाम मी धरते.