मागच्या सीटवरची बॅग

मुलीनं मोटारसायकलवरून बोधगयेला जायचं ठरवलं, तेव्हा मी तिला नको म्हणालो नाही. मी विचारलं, "सामान कशात नेणार?"

बेत मूळचा माझ्या बायकोचा. मुलीनं नवी गाडी घरी आणली त्या दिवशी ही मागं बसून क्रांती चौकापर्यंत चक्कर मारून आली आणि उतरता उतरता म्हणाली, "आपण दोघी हिच्यावर बोधगयेला जाऊ. पप्पा घरी पुस्तकं राखतील." पुढच्या माघात बायको गेली. आजार काय आहे हे आम्हाला नीट कळेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी त्या बेताबद्दल काही बोलली नाही. मग आषाढात एके सकाळी चहा पिताना म्हणाली की कंपनीतून लांब रजा मिळाली आहे, आणि ती जाणार आहे. एकटी.

"वर्षावासात भंतेजीसुद्धा प्रवास करत नाहीत," मी म्हणालो. "पावसाळा संपेपर्यंत एका जागी बसतात."

"मी कुठं भंतेजी आहे, पप्पा? त्यांना रजेचा अर्ज द्यावा लागत नाही."

तिला सोबत आईची पांढरी साडी न्यायची होती. वर्षावासात आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. बायको दरवर्षी तीच सुती साडी नेसून वाचायला बसायची. मी जन्मभर ग्रंथपालाची नोकरी केली, पण चारचौघांत वाचायची वेळ आली की माझा आवाज घशातच राहायचा. तिचा बाहेर चपला काढणाऱ्यांपर्यंत जायचा. ती साडी नेसून मुलीला बोधिवृक्षाखाली बसायचं होतं. मी म्हणालो, साडी भिजता कामा नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालो. ट्रक, घाट, अंधार, निसरडा रस्ता, यांतलं काहीही माझ्या तोंडून निघत नव्हतं. साडी मात्र निघत होती.

म्हणून मी बॅगांबद्दल वाचायला लागलो. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या जोडबॅगा असतात. त्यांच्यावर पावसाचं कव्हर चढवतात. पण वाऱ्यानं कव्हर फुगतं, उडून जातं, आणि एखादी बॅग सायलेन्सरला टेकली तर वितळते. कडक प्लास्टिकच्या पेट्या पाणी घेत नाहीत, पण गाडी पडली की पाय पेटीखाली सापडू शकतो, असं एकानं लिहिलं होतं. ते वाचल्यावर मी फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. शिवलेल्या बॅगेत सुईच्या भोकांतून पाणी शिरतं. उष्णता देऊन जोडलेली, शिवण नसलेली बॅग त्यातल्या त्यात बरी. तिला चेन नसते. तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बकल लावायचं. ती मागच्या सीटवर आडवी बांधतात.

मागच्या सीटवर, हे वाचून मी थोडा थांबलो. मग पुढचं वाचलं.

क्रांती चौकाजवळच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. मी प्रत्येक बॅगेचं तोंड उघडून आत हात घालून जोड चाचपत होतो. दुकानदारानं बऱ्याच बॅगा काढून दिल्या, शेवटी स्टुलावर बसला.

"सर, बॅग बघायलात का जावई?"

मुलगी मोठ्यांदा हसली. "जावई इतका तपासणार नाहीत ते."

"पाणी खरंच आत जाणार नाही?" मी विचारलं.

"टाकी में डुबा के रखो सर, दोन दिवस. नाय गेलं म्हणजे नाय गेलं."

काळी, शिवण नसलेली बॅग घेतली. घरी आल्यावर मी तिच्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबली, तोंड गुंडाळलं, आणि मोरीत ठेवून तिच्यावर बादली ओतली. मग दुसरी.

"आपल्याकडं नळाला पाणी येतं आठवड्यानं," मुलगी दारातून म्हणाली, "अन् पप्पा बॅगेला आंघोळ घालायलेत. शेजारच्या काकूंनी पाहिलं तर भांडायला येतील."

वर्तमानपत्रं कोरडी निघाली. माझं समाधान झालं नाही. कागद वेगळा, कापड वेगळं, असं मी स्वतःला सांगितलं. साडी कपाटातून काढली, धुतली. बायको शेवटच्या पाण्यात नीळ घालायची, म्हणून मीही घातली. अंदाज नव्हता, जरा जास्तच पडली असावी. बाहेर रिपरिप चालू होती, त्यामुळे साडी खोलीतच दोरीवर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला कोरडी लागली. घडी घातली, बॅगेत ठेवली, हवा दाबून काढली, तोंड घट्ट गुंडाळलं. बॅग गच्चीवर पन्हाळीच्या धारेखाली ठेवून दिली. दोन दिवस पाऊस चांगला लागला. मी मधूनमधून जिन्यात उभा राहून बॅगेकडं बघून येत होतो.

बॅग उघडली तेव्हा आंबट वास आला. साडी दमट होती, आणि घड्यांच्या कडेनं निळे ढग उतरले होते.

"फसवलं त्यानं," मी म्हणालो. "चल, आत्ताच्या आत्ता दुकानात. ही बॅग घेऊन तू कुठंही जाणार नाहीस."

शेवटचं वाक्य मी बऱ्याच मोठ्यानं म्हणालो होतो. इतक्या महिन्यांत त्या घरात कुणी इतक्या मोठ्यानं बोललं नव्हतं.

मुलीनं बॅग आतून पुसली, पिंपातून बादली भरून बॅगेतच ओतली, तोंड गुंडाळलं आणि ती खिडकीच्या गजाला टांगली. खाली फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं. आम्ही जेवलो, भांडी झाली. कागदावर एक थेंब नव्हता.

"आतलं बाहेर येत नाही, तर बाहेरचं आत कसं जाईल?" ती म्हणाली. "साडी ओलीच होती, पप्पा. पदराची घडी वाळलीच नव्हती. तुम्ही ओली साडी कोंडून ठेवली."

भिजलेलं पुस्तक बंद कपाटात ठेवू नका, बुरशी धरते, हे मी ग्रंथालयात किती मुलांना बजावलं असेल. मी साडी हातात घेऊन तसाच बसलो.

"बॅग खराब निघाली असती तर बरं वाटलं असतं ना तुम्हाला?" तिनं विचारलं. रागानं नव्हे.

मी बोटानं साडीवरचा निळा डाग चोळायला लागलो. तिनं माझ्या हातातून साडी घेतली.

तिनं ती पुन्हा धुतली. नीळ बरीच निघाली, एका घडीवर फिकट राहिली. मी लिंबू शोधायला उठलो तर म्हणाली, "राहू द्या. आपल्याला निळ्याचं कधीपासून वावडं?" मग साडी खरोखर वाळेपर्यंत थांबली, वर इस्त्री फिरवली, आणि एका जुन्या सुती कापडात बांधून बॅगेत ठेवली. तोंड मला गुंडाळायला दिलं.

निघायच्या दिवशी सकाळी पाऊस नव्हता. समृद्धी महामार्गावर दुचाकी सोडत नाहीत, म्हणून ती जालन्यावरून जुन्या रस्त्यानं नागपूरला जाणार होती. बॅग मागच्या सीटवर बांधली होती. मी एक पट्टा ओढून पाहिला, दुसरा ओढला, मग पुन्हा पहिला.

"पप्पा, आता सोडा."

सोडला. गाडी वळेपर्यंत मला फक्त बॅग दिसत होती, तिच्यामागं मुलगी झाकली गेली होती.

नागपूरचा मुक्काम बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, नागपूर सोडल्यावर शिवनीच्या अलीकडून, तिचा फोन आला. तिच्या आवाजामागं पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की आधी मला काही कळलंच नाही.

"बॅग?" मी विचारलं.

"कोरडी आहे. ठणठणीत कोरडी." ती म्हणाली. "मी पार चिंब झालेय. ते नाही विचारणार?"

मी विचारलं. विचारायला लागलो तर सगळंच विचारत गेलो. रस्ता दिसतो का, ट्रक किती आहेत, कुठं घसरली नाहीस ना, खोटं सांगू नकोस, हात गारठलेत का, भीती वाटते का. माझा आवाज मोठा झाला होता. बायकोचं नाव घेऊनही काहीतरी बोललो.

"एकदा वाटली भीती," मग ती म्हणाली. "पुलावर. म्हणून थांबले. पेट्रोल पंपाच्या शेडमधे आहे, चहा सांगितलाय. पाऊस उघडेपर्यंत हलत नाही."

"नको हलूस."

"भंतेजींसारखं," ती म्हणाली.

चहा आला असावा, कारण ती कुणाला तरी "साखर कमी" म्हणाली. तिनं फोन ठेवला नाही, मीही नाही. तिकडचा पाऊस मी कानाला लावून बसलो होतो. आमच्याकडं ऊन पडलं होतं.