आमच्या सोसायटीचं गेट आणि आमचे हे

मागच्या महिन्यात आमच्या एव्हरशाईनमधल्या सोसायटीतून दोन सायकली चोरीला गेल्या... आणि त्याचा ताप झाला माझ्या नवऱ्याला! सायकली आमच्या नव्हत्या, तरीही.

झालं असं, की तातडीची मीटिंग भरली. दुपारी एक ते चार गेटला कुलूप, भाजीवाले-कुरिअरवाले कोणी म्हणजे कोणी आत नको, असं ठरलं. सेक्रेटरी सावंतांनी थेट आमच्या ह्यांच्याकडे बोट केलं. "आपल्याकडे बॉर्डरवरचा माणूस असताना काळजी कसली!" टाळ्या पडल्या. मीही जोरात वाजवल्या.

हे गेल्या वर्षीच रिटायर होऊन घरी आलेत. सगळी नोकरी सीमेवर, शेवटची बरीच वर्षं बंगालच्या बाजूला. फोनवर कधीही विचारा, उत्तर एकच... "सगळं ठीक."

घरी तसे छान रमले. कुंड्या काय, मासळी बाजार काय... फक्त चार माणसांत बसले की आधी प्रत्येकाच्या हातांकडे बघायचे. मी ते हसण्यावारी न्यायचे.

तर पहिल्या दिवशी मी कौतुकानं गॅलरीत उभी. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट... एक वाजला आणि ह्यांनी गेटला कुलूप घातलं. पाचच मिनिटांत फिलूमावशी आल्या. होळी गावाहून आपल्या वाडीतली भाजी घेऊन येतात त्या, डोक्यावर ही एवढी टोपली.

"बाबा, आज रिक्षाच नाय मिलाली रे. दोन घरची भाजी देते नि जाते."

ह्यांनी किल्ली हातात धरली आणि नुसते उभे राहिले. मला वाटलं, आता परत पाठवणार. तर ह्यांनी कुलूप काढलं, मावशींच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली आणि स्वतः लिफ्टपर्यंत नेऊन ठेवली. मागून कुरिअरवाला आला, मग गॅसवाला... त्या दिवशी गेट काही परत लागलं नाही!

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर नुसता धुरळा. "मला नाही जमणार," एवढंच म्हणाले हे. मी वैतागले. "मग टाळ्या पडल्या तेव्हाच सांगायचं ना!" ह्यांनी निमूटपणे भात कालवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

रविवारी पुन्हा मीटिंग. सावंत जरा खवचटपणे म्हणाले, "साहेब, तिकडे पण असंच सोडायचात का लोकांना?" काहीजण हसले. मला वाटलं, धरणी दुभंगावी... आणि हे उभे राहिले.

"नाही सोडायचो," म्हणाले. "तिकडे कुंपण गावाच्या आणि शेतांच्या मधून जातं. घर अलीकडे, शेत पलीकडे. दोन्ही आपल्याच देशात. गेट ठरलेल्या वेळी उघडायचं, ठरलेल्या वेळी बंद. एकदा भर दुपारी एक बाई धावत आली. लेकराला ताप चढलेला, आकडी येत होती, नवरा पलीकडे शेतात, त्याला बोलवायचं होतं. किल्ली माझ्या खिशात... पण वरून परवानगी येईपर्यंत उघडता येत नव्हतं. ती गजांना धरून मला शिव्या देत होती, आणि मी तिच्यासमोर उभा."

हे पुढे सांगत राहिले.

"लेकरू वाचलं. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं आले, हात जोडून. साहेब, काल तोंडून वेडंवाकडं गेलं, माफ करा. माफी *त्यांनी* मागितली हो... मी नियमानंच वागलो होतो. पुन्हा तिथे उभा राहिलो तर तसंच वागावं लागेल. म्हणून म्हणतो, दुसरं काहीही सांगा. कोणी समोर उभं असताना गेट बंद ठेवायला सांगू नका."

इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते. तेही प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पन्नास माणसांत बसून.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या डिसोझा टीचर उठल्या. वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मग सोपं आहे. दुपारी बंद करायचं ते वॉचमन बघेल, आणि फिलूला आत सोडायचं. सकाळी गेट उघडायचं काम तुमचं. चालेल?"

सावंतांचा चेहरा पार उतरला होता. हळूच म्हणाले, "सकाळी सहाला उघडावं लागतं हं, साहेब..."

"पाचला उघडू?" हे म्हणाले. आणि सगळी मीटिंग खळखळून हसली. सावंत सगळ्यात जास्त!

आता रोज सकाळी हे खाली जातात आणि गेटची दोन्ही दारं सताड उघडतात. दूधवाला, शाळेची मुलं, फर्स्ट शिफ्टवाले... सगळ्यांना गुड मॉर्निंग. वर येतात ते बिल्डिंगभरच्या बातम्या घेऊनच!

आणि काल चहा पिताना हे आपणहून त्या गावाबद्दल बोलायला लागले. तिथली तळी, तिथले लोक, काही बरं, काही वाईट. चहा पार गार झाला... मी ऐकतच बसले.

टीचर, तुम्ही हे वाचाल तेव्हा लाजून "असू दे गं" म्हणाल, माहितीये. पण ह्यांना नेमकं काय झेपेल हे तुम्ही ओळखलंत, आणि मला मात्र इतकी वर्षं "सगळं ठीक" खरंच वाटत होतं. येत्या रविवारी जेवायला या. सुरमई हे स्वतः निवडून आणणार आहेत.