मांडवाच्या दारात थांबलेली गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात मी लेकीला घेऊन घाटनांदूरला आत्याकडं राहायला गेले होते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिनं जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही आणि निवृत्तीनंतरही गाव सोडलं नाही. त्या दुपारी माझी वहिनीही अंबाजोगाईहून आली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आम्ही तिघी आतल्या खोलीत पोतं अंथरून चिंचा फोडत बसलो होतो आणि लेक टीव्हीसमोर.

तिचं लाडकं कार्टून चालू होतं. त्यातला हिरो उडतो, भिंती फोडतो आणि हिंदीत बोलतो. त्या दिवशी त्याची गाठ कुणा राक्षसाशी नव्हती, एका म्हाताऱ्या घड्याळजीशी होती. तरुणपणी ऐन लग्नाच्या दिवशी त्याची नवरी आलीच नव्हती. पुढं जन्मभर खपून त्यानं काळात मागं जायचं यंत्र बनवलं. मागं जाऊन तो काहीतरी बदलायचा, आणि परत आला की इकडं शहरातलं काहीतरी नाहीसं झालेलं असायचं. आधी पूल गेला. मग शाळा गेली, तेव्हा लेकीनं टाळ्या वाजवल्या. मग हिरोची मैत्रीणच गायब झाली आणि लेकीचा चेहरा उतरला.

मी आत्याकडं पाहिलं. तिच्या हातातली चिंच तशीच राहिली होती.

"हा बाबा कावून सारखा मागं जातोय गं?" तिनं विचारलं.

"त्याला त्या मुलीशी लग्न करायचंय, आजी."

"पण तिला न्हाई ना करायचं."

"म्हणून तर मशीन बनवलीय."

घड्याळजी मांडवाच्या दारात पोचला, हिरो मागून झेपावला, आणि लाईट गेली.

लेकीनं आकांत केला. मोबाईलवर लावून दे म्हणाली, पण लाईटीबरोबर तिथली रेंजही जाते. शेवटी ती रुसून आत्याच्या मांडीवर येऊन पडली. पंखा थांबल्यामुळं खोली एकदम शांत झाली होती. थोड्या वेळानं ती छताकडं बघत म्हणाली, "आजी, तुझं लग्न का नाही झालं?"

आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारत नसे. वहिनी घरात आल्यापासून तर नाहीच. मी लेकीला गप्प करायला तोंड उघडलं, पण आत्यानं हातानंच मला थांबवलं.

"ठरलं होतं की. साखरपुडा झाला होता. मग त्यांनी मोडलं."

"त्यांनी म्हणजे कोणी?"

आत्या चिंचेच्या शिरा ओढत राहिली. वहिनीनं मान वर केली आणि सरळ सांगून टाकलं, "माझ्या बाबांनी."

हे मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. आत्या आणि वहिनीचे वडील अंबाजोगाईला एकाच वर्गात डी.एड. करत होते. दोघांच्या घरी पसंत पडलं, साखरपुडा झाला, विहारात बोलणं होऊन लग्नाची तारीख धरली. मग त्यांना नोकरी लागली आणि लातूरकडचं मोठं स्थळ सांगून आलं. ते स्वतः आले नाहीत. लग्न मोडल्याचा निरोप घेऊन त्यांचे चुलते आले, चहा न घेता गेले. माझ्या आजीनं लग्नासाठी घेतलेली पांढरी साडी आत्या पुढं शाळेत झेंडावंदनाला नेसायची, एवढंच मी लहानपणी पाहिलेलं.

नंतर कितीतरी वर्षांनी भावानं घरी सांगितलं की त्याला ऑफिसातली एक मुलगी आवडते. गाव धर्मापुरी. वडील मास्तर. नाव-गाव कळलं तसे माझे वडील ताटावरून उठले. "त्या घरातली पोरगी या घरात सून म्हणून येणार न्हाई," म्हणाले. भाऊ महिनाभर घरात कुणाशी बोलला नाही. तेव्हा आत्या गावाहून आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "पोरीनं काय केलंय? मोडलं त्यानं. तिचा जन्म तरी झाला होता का तवा?" दुसऱ्या दिवशी तीच पुढं होऊन मुलगी बघायला गेली.

भावाच्या लग्नात मी आत्यावर आणि वहिनीच्या वडिलांवर नजर ठेवून होते. ते आत्यासमोर आले, जयभीम म्हणाले. माणूस खाली बघत उभा. आत्यानंच विचारलं, "जेवलात का?" ते नाही म्हणाले. "मग जेवून घ्या, पंगत उठायलीय." बास. इतकंच. पुढच्याच वर्षी झोपेत त्यांचं हृदय बंद पडलं. त्या दोघांत दुसरं काही बोलणं कधी झालंच नाही.

हे सगळं लेकीला कुठलं माहीत असायला? ती वहिनीकडं बघत हिशोब लावत होती. मग ताडकन उठून बसली.

"म्हणजे आजी मशीननं मागं गेली असती, तर मामी गायब झाली असती!"

वहिनी हसायला गेली, पण तिचा चेहरा कसनुसा झाला. मला लेकीचा राग आला आणि त्याच वेळी वाटलं, खरंच की. आत्याचं जे मोडलं, त्याच्यातूनच हे माणूस आमच्या घरात आलेलं आहे. भावाच्या संसाराकडं मी असं कधी पाहिलं नव्हतं. एकीचं चांगलं झालं असतं तर दुसरी नसतीच. मग नुकसान कशाला म्हणायचं आणि कुणाचं धरायचं?

आत्यानं मात्र त्या पोरीला मोठ्या माणसासारखं उत्तर दिलं.

"गेले असते मी. खोटं कशाला बोलू? तवा असली मशीन असती तर चुलते दारातून बाहेर पडायच्या आत गेले असते. कुणाला इचारलंसुदीक नसतं."

"आणि आता?"

"आता कशाला जाऊ? ही समोर बसलीय की." मग वहिनीकडं बघून म्हणाली, "आन् हे बघ बाई, तुझ्या बापापायी मी बिनलग्नाची राहिले असं लोक म्हणतात. तसं न्हाई. नंतर स्थळं आली. मला कुणी पटलं न्हाई. मनात त्याला ठिवून बसले नव्हते मी."

वहिनी बोटांना लागलेला चिंचेचा गर पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्या, बाबा कसे होते हो तवा? आमी पाह्यले ते लई कडक. घरात आले की आमी पोरं आवाज बंद करायचो."

"तुझा बाप? कडक?" आत्या खळखळून हसली. "अगं, शिकवायच्या पहिल्या सराव पाठाला फळ्यासमोर उभा राह्यला तर पाय लटलटत होते त्याचे. खडू दोनदा हातातून पडला. मग वर्ग सुटल्यावर मला एकटीला बाकावर बसवायचा आन् मी जणू चौथीची पोर, असा भागाकार शिकवायचा. मी मुद्दाम चुकायचे. बिचारा परत पहिल्यापासून."

"बाबा?"

"मग! आन् गमतीचं काही सांगायला लागला की सांगायच्या आधीच हसायचा. आमाला शेवट कधी कळायचाच न्हाई."

वहिनी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती आत्याजवळ सरकली. विचारत गेली, आत्या सांगत गेली. त्यात राग नव्हता असं मी म्हणणार नाही. चुलत्यांचा विषय निघाला तेव्हा आत्याचा आवाज जरा कोरडा झाला. पण ज्या माणसानं तिला नाकारलं, त्याचं तरुणपण एवढं नीट तिच्याजवळच राहिलं होतं, आणि त्यावर ज्या मुलीचा हक्क होता तिला ती ते देत होती.

केव्हातरी लाईट आली. टीव्हीवर दुसरंच काही चालू होतं. त्या घड्याळजीचं पुढं काय झालं, हे लेकीला कळलं नाही. ती अंगणात खेळायला निघून गेली.

त्यानंतर वहिनी मधूनमधून एकटीच घाटनांदूरला जायला लागली. यंदा ती तिच्या आईलाही, म्हणजे लातूरकडच्या त्या स्थळालाच, घेऊन गेली, असं भावानं फोनवर सांगितलं. मला राहवलं नाही. मी आत्याला फोन लावला, तू आणि वहिनीची आई काय बोललात म्हणून विचारलं.

"काय बोलणार?" आत्या म्हणाली. "तिनं घरच्या कैऱ्या आणल्या होत्या. लोणचं घातलं. मोहरी लई घालती बाई ती."