पोरीनं उचललेली बॉबिन

चांगली बॉबिन कशी ओळखायची हे मला कुणीही विचारावं, मी तासभर बोलू शकतो. आजवर कुणी विचारलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. आणि ज्या दिवशी ते सांगायची खरी गरज होती त्या दिवशी मी मूग गिळून गप्प बसलो होतो.

मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. हिमाचलात पोस्टिंग असताना तिथल्या एका साहेबांनी मला गळावर खोटी माशी बांधायला शिकवलं. गळ छोट्या पकडीत घट्ट बसवायचा, त्याच्यावर दोऱ्याचे वेढे देत कोंबड्याच्या मानेचं पीस धरायचं, आणि पाण्यावर टाकल्यावर माशाला वाटलं पाहिजे की खरोखरची माशी पडली. साताऱ्यात घर बांधल्यावर मागच्या खोलीत मी हेच काम करत बसायचो आणि माहुलीच्या अलीकडे कृष्णेवर जाऊन गळ टाकायचो. मासा लागला की सोडून द्यायचो. त्यामुळे आमच्या आळीत मी अर्धवट म्हणून नावाजलेला होतो. धरायचा आणि सोडायचा, मग उन्हात जायचं कशाला, असा लोकांचा सरळ हिशेब होता.

त्या चेष्टेचं मला काही वाटायचं नाही. मला लाज वाटायची ती दोऱ्याची. एकदा शेजारच्या एका जुन्या दोस्तानं खिडकीतून मला पाहिलं आणि म्हणाला, "सुभेदार, बायकांगत दोरा काय गुंडाळत बसलायस रं?" त्यानंतर मी खिडकीला पडदा लावला. एवढ्या मिशा वाढवलेला माणूस मी, सरहद्दीवर कधी आडोसा शोधला नाही, तो साताऱ्यात एका पडद्यामागं लपलो.

दोरा नुसता बोटात धरून हे काम होत नाही, त्याला बॉबिन लागते. शिलाई मशिनीतली नव्हे. ही वेगळी असते. तारेचे दोन पाय, त्यांच्यामध्ये दोऱ्याचं रीळ आणि वर एक बारीक नळी. रिळाचा दोरा त्या नळीतून बाहेर येतो. ती घेताना दोनच गोष्टी पाहायच्या. पायांचा दाब असा हवा की बॉबिन गळावरून सोडली तर आपल्या वजनानं लोंबकळत राहील, पण ओढली की दोरा सुटेल. आणि नळीचं तोंड गुळगुळीत हवं. दोरा तोंडावर तिरका धरून पाच-सहा वेळा मागंपुढं ओढायचा. त्याला लव सुटली की समजावं, तोंडाला आतून धार आहे आणि ऐन वेळी ही बया दोरा तोडणार.

माझ्याकडे दोन होत्या. एक जुनी, काळपट, तोंडाशी चिनी मातीचं कडं बसवलेली, पायाला चिकटपट्टी गुंडाळलेली. तिनं कधी दगा दिला नाही. दुसरी मोबाईलवर फोटो बघून मागवलेली, अशी चकचकीत की तिच्यात तोंड बघून दाढी करावी. तिच्या नळीला धार होती. पहिल्याच दिवशी तिनं दोरा कापला, पण भारीतली वस्तू आमच्या घरात कुणी टाकत नाही. ती डब्यात पडून राहिली.

माझी मुलगी शिरवळच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. कंपनीची गाडी पहाटे घ्यायला येते. तिच्यासाठी माधवनगरचं एक स्थळ आलं होतं. फोटो, माहिती मोबाईलवरून इकडून तिकडं गेली, मग ती आणि तो मुलगा महिनाभर फोनवर बोलत होते. मुलगी बोलून दाखवायची नाही, पण फोन आला की गच्चीवर जायची आणि खाली येताना गुणगुणत यायची. बापाला एवढं कळतं. तिला तो मुलगा आवडला होता आणि मला ती सोयरीक व्हायला हवी होती.

मुलाचे आईवडील बघायला येणार म्हटल्यावर आमच्या हिनं घर उलटंपालटं केलं. माझ्या बांधलेल्या माश्यांपैकी रंगीत रंगीत निवडून तिनं काचेच्या चौकटीत बसवून आणल्या आणि बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या बरोबर समोर टांगल्या. मला म्हणाली, "आवं, तुमच्या पिसांचा एवढा तरी उपयोग हूं दे."

आमच्याकडे रीतच आहे. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना घरातली कलाकुसर दिसली पाहिजे आणि ती मुलीनंच केलेली असली पाहिजे. रुखवतातल्या निम्म्या वस्तू मावश्या आणि आत्या करतात आणि सगळ्या नवरीच्या नावावर जातात. विचारणाराही खोलात जात नाही, कारण त्याच्या घरच्या रुखवतात तेच झालेलं असतं. त्यामुळे मुलाच्या आईनं चौकटीकडे बघून विचारलं तेव्हा आमची ही सवयीनं बोलून गेली, "हे समदं आमच्या पोरीनंच केलंय."

मी समोरच बसलो होतो. मला बरंच वाटलं. माझं नाव निघालं नाही म्हणून सुटलो असं वाटलं.

पण मुलाच्या आई खोलात जाणाऱ्या निघाल्या. वाकड्या हेतूनं नव्हे, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. जवळ जाऊन काचेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "किती बारीक काम हाय गं हे. कसं करतीस? दाखव की एखादं."

मुलीनं आईकडे बघितलं. आईनं डोळ्यांनी दटावलं. मग ती आत गेली आणि ताटात माझं सगळं सामान घेऊन आली. तिनं लहानपणापासून मला बघितलेलं होतं. तिला वाटलं असणार, चार वेढे द्यायचे तर आहेत. पकड टेबलाला लावली, गळ बसवला. ताटात दोन्ही बॉबिनी होत्या. तिनं चकचकीत उचलली.

तेव्हाच मला कळलं होतं काय होणार. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, "अगं, ती नको, ती काळी घे." सहा शब्द. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, तुम्हाला कसं ठाऊक? मी चहाच्या कपात बघत बसलो.

दोरा तुटला. तिनं पुन्हा ओवला, पुन्हा दोन वेढ्यांत तुटला. पीस उडून पोह्यांच्या ताटलीत पडलं. तिसऱ्यांदा तुटल्यावर मुलाच्या आई समजुतीनं म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाळ." पण शेजारी बसलेल्या मुलाच्या वडिलांचा चेहरा जरा बदलला होता. ते चौकटीकडे बघत होते आणि मुलीच्या हाताकडे बघत होते.

मुलीनं बॉबिन खाली ठेवली आणि सरळ सांगितलं, "मला हे येत नाही. हे सगळं पप्पांनी केलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलाचे वडील जरासे हसून म्हणाले, "काय सुभेदार, तुमी करताय व्हय हे?"

त्या हसण्यात काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला त्यात खिडकीतून डोकावणारा माझा दोस्त दिसला. आणि मी म्हणालो, "छे, छे. मी कुठला करतोय. सगळं पोरीचंच आहे, आज घाबरलीय जरा."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. कारखान्यात एखादा नग हातात घेऊन बघत असेल तशी बघत होती. मग तिनं सामान ताटात गोळा केलं आणि आत गेली. पाहुण्यांनी चहा संपवला, रस्त्याची चौकशी केली आणि निघाले.

निरोप आठवड्यानं आला, माझ्या मेव्हण्याच्या फोनवर. स्थळ त्यानंच आणलेलं. मुलगी देखणी आहे, शिकलेली आहे, पण अंगावर आलं की खोटं बोलते आणि बापावर ढकलते. आम्हाला जमायचं नाही.

आमची ही मुलीवरच चिडली. गप बसायला काय झालं होतं, म्हणाली. मुलगी पाळीला निघून गेली. त्या मुलाचा फोन आला होता हे मला माहीत आहे, कारण ती गच्चीवर न जाता जिन्यातच बोलली. "मला जे सांगायचं होतं ते मी सगळ्यांसमोर सांगितलं," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं माझं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. तिनं घेतलं नाही आणि मला घरात तोंड लपवायला जागा उरली नाही. माझी पोर खरं बोलली होती आणि माधवनगरात तिला खोटारडी म्हणत होते, माझ्यामुळं.

शेवटी मी पिशवीत पकड, गळ, पिसं आणि काळी बॉबिन घातली आणि सांगलीची एसटी पकडली. घरात फक्त जाऊन येतो म्हणालो.

त्यांचं घर माधवनगरच्या जुन्या वस्तीत. आजूबाजूला अजून काही माग चालू होते, त्यांचा खडखडाट घरात ऐकू येत होता. मुलाच्या आईंनी पाणी दिलं. वडील आरामखुर्चीत बसले होते. मी म्हणालो, "मला एक दाखवायचं आहे," आणि त्यांच्या टेबलाला पकड लावली. पिशवीतून काळी बॉबिन काढली. मग दोरा लागला आणि हात आपले आपण चालायला लागले. पीस वळवून बसवलं, गाठ मारली, दोरा कापला. मी माशी तळहातावर धरून पुढं केली.

"म्हणजे पोरगी खरं बोलली हुती," मुलाच्या आई म्हणाल्या.

"व्हय."

"मग तुमी न्हाई का म्हणालासा?"

"लाज वाटली."

"कशाची?"

कशाची ते सांगायला मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांना ते ऐकवेना. तरी सांगितलं. पुरुषमाणूस, त्यातून फौजी, आणि दोरा गुंडाळतो, लोक हसतात. बोलताना माझं लक्ष आरामखुर्चीकडे गेलं. मुलाचे वडील शांतपणे ऐकत होते. मग ते म्हणाले, "मी उभा जन्म हितल्या सूतगिरणीत दोराच गुंडाळला, सुभेदार. माझ्या बापानंबी त्येच केलं. त्यावरच ह्यो पोरगा शिकला." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोसला असता. ज्या घरात माझी लाज कुणाला कळलीही नसती, त्या घरापुढं मी पोरीला खोटं पाडलं होतं.

मी हात जोडले. चूक माझी आहे, पोरीला शिक्षा देऊ नका, असं काहीबाही बोललो.

मुलाच्या आईंनी माशी उचलून टेबलावर ठेवली. "पोरीला खोटी म्हणालो, ती आमची चूक. मी तिला सोता फोन करून सांगते," त्या म्हणाल्या. मला वाटलं, जमलं. पण त्या थांबल्या नव्हत्या. "पर भाऊ, सोयरीक एकट्या पोरीशी व्हत न्हाई. घराशी व्हती. चार माणसं हसतील म्हणून तुमी पोटच्या पोरीला तोंडघशी पाडलंसा. उद्या कायतरी वंगाळ झालं, तर तुमी खऱ्याच्या बाजूनं बोलाल का हसणाऱ्यांच्या, हे आमाला कसं कळायचं?"

मुलाच्या वडिलांनी मला स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत ऊस, पाणी असं बोलत राहिले. भला माणूस. व्याही म्हणून लाभला असता.

घरी पोचलो तेव्हा मुलगी दुसऱ्या दिवशीच्या पाळीसाठी कंपनीच्या कपड्यांना इस्त्री करत होती. मी दारातच उभा राहिलो आणि माधवनगरात काय काय झालं ते सगळं सांगितलं. त्या बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले, माझ्याविषयीचेसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. बाहीवरून इस्त्री फिरवता फिरवता विचारलं, "मग तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काही नाही," मी म्हणालो. "उत्तर सुचलं नाही."

तिनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. "पप्पा, मग मला तरी सांगा," ती म्हणाली.

मी अजून सांगितलेलं नाही.